विकलेली तलवार कोणाची? गॉब्लिन, ड्वार्फ आणि मालकीचा जुना वाद

जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' मालिकेतील शेवटच्या, म्हणजे सातव्या पुस्तकात (२००७) एक सौदा होतो. हॅरीला ग्रिंगॉट्स बँकेच्या एका तिजोरीत शिरायचे असते. तिथली वाट दाखवू शकेल असा एकच जण त्याच्यापाशी असतो, तो म्हणजे पूर्वी त्याच बँकेत कामाला असलेला ग्रिपहूक नावाचा गॉब्लिन. मोबदला म्हणून ग्रिपहूक सोने मागत नाही. त्याला हवी असते गॉड्रिक ग्रिफिंडरची तलवार. हॅरीच्या लेखी ही तलवार हॉगवॉर्ट्स शाळेच्या एका संस्थापकाची आहे. ग्रिपहूकच्या लेखी ती गॉब्लिनांचा राजा पहिला रॅगनक याची आहे आणि ग्रिफिंडरने ती त्याच्याकडून लुबाडली आहे.

हॅरी होकार देतो, पण तलवार नेमकी केव्हा हाती देणार, हे मुद्दाम मोघम ठेवतो. या सौद्याची कुणकुण लागल्यावर बँकेत गॉब्लिनांसोबत काम केलेला बिल वीझली त्याला बाजूला घेऊन सावध करतो. गॉब्लिनांची मालकीची कल्पनाच वेगळी आहे, असे तो सांगतो. ती कल्पना अशी: वस्तूचा खरा मालक ती घडवणारा असतो, विकत घेणारा नव्हे. पैसे मोजणाऱ्याने वस्तू फक्त भाड्याने घेतलेली असते. तो मेला की ती गॉब्लिनांकडे परत यायला हवी. पुन्हा पैसे न देता ती मुलाला, नातवाला, भाचीला देत राहणे म्हणजे जवळजवळ चोरीच.

मालिका वाचणारे बहुतेक जण हा परिच्छेद वाचून पुढे जातात, कारण पुढे ड्रॅगन आहे आणि बँकेवरचा दरोडा आहे. पण काल्पनिक जगांत हा प्रश्न वारंवार डोके वर काढतो आणि आपल्याकडच्या न्यायालयांतही तो येऊन गेला आहे.

गॉब्लिन लबाड की हिशेबाला पक्के?

गॉब्लिनांचा नियम विक्षिप्त वाटतो, पण त्यात विसंगती नाही. घर भाड्याने देणारा मालक भाडेकरूच्या मुलाला ते घर वारशाने मिळू देत नाही, तसेच हे. फरक इतकाच, की जादूगार खरेदी करताना या नियमाने खरेदी करत नाहीत. एकच व्यवहार, एकच रक्कम, पण घेणारा म्हणतो 'विकत घेतले' आणि देणारा म्हणतो 'वापरायला दिले'. पहिल्या पिढीत भांडण होत नाही. गिऱ्हाईक मरेपर्यंत दोघांच्या समजुतीतला फरक उघड होतच नाही. म्हणून हा वाद नेहमी अशा लोकांत पेटतो ज्यांनी मूळ सौदा पाहिलेलाच नसतो.

ग्रिपहूकचा राग तलवारीपुरताही नाही. जादूगारांनी छडी बनवण्याची आणि वापरण्याची विद्या गॉब्लिनांना कधी दिली नाही, कायद्यानेही त्यांना छडी बाळगता येत नाही, हे त्याचे मूळ दुखणे. त्यावर रॉन वीझलीचे उत्तरही तयार असते: गॉब्लिनही त्यांची धातूची कला कोणाला शिकवत नाहीत. दोन्ही बाजूंनी आपापली विद्या कुलूपबंद केलेली आहे. मग गॉब्लिनांच्या हाती उरते ती त्यांनी घडवलेली वस्तू, आणि म्हणून तिच्यावरचा हक्क ते सोडत नाहीत.

पुढे ग्रिपहूक तलवार घेऊन पळतो. पण ती त्याच्याकडे राहत नाही. शेवटच्या लढाईत नेव्हिल लाँगबॉटम जादूच्या टोपीतून तीच तलवार बाहेर काढतो. म्हणजे कथेने निकाल जादूगारांच्या बाजूने दिला. पुढे रोलिंग यांनी आपल्या संकेतस्थळावरच्या लिखाणात तो पक्काही केला. तलवार ग्रिफिंडरच्या मागणीवरून रॅगनकनेच बनवली, ती इतकी सुरेख झाली की त्यालाच मोह सुटला आणि त्याने चोरीचा कांगावा केला, असे त्यांनी लिहिले. हा खुलासा जरा निराशाजनक आहे. कादंबरीत दोन न्यायकल्पना एकमेकींसमोर उभ्या होत्या. खुलाशानंतर एक खरे बोलणारा आणि एक खोटारडा, एवढेच शिल्लक राहते.

इथे एक टीकाही लक्षात घ्यायला हवी. बुटके, लांब नाकाचे, बँक चालवणारे आणि सोन्यावर डोळा ठेवणारे हे गॉब्लिन युरोपातल्या ज्यूविरोधी व्यंगचित्रांची आठवण करून देतात, असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. मालकीच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. कारागिराने आपल्या कामावर हक्क सांगितला तर तो हक्क ठरतो, पण तोच हक्क परक्या वाटणाऱ्या जमातीने सांगितला की तो हावरटपणा दिसतो.

हातोडा चालवणारे बुटके आले कुठून?

उत्तर युरोपातल्या जुन्या दंतकथांतून. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेल्या 'एडा'मध्ये थोर देवाचा हातोडा, ओडिनचा भाला, त्याची सोन्याची अंगठी, या सगळ्या वस्तू ड्वार्फ, म्हणजे जमिनीखाली राहणारे बुटके कारागीर घडवतात. देवांना स्वतःला त्या घडवता येत नाहीत. लोकी हा खोडसाळ देव ब्रोक्क नावाच्या ड्वार्फाशी स्वतःच्या डोक्याची पैज लावतो आणि हरतो. ब्रोक्क डोके मागायला येतो तेव्हा लोकी म्हणतो, डोके तुझे, पण मान तुझी नाही. चिडलेला ब्रोक्क त्याचे ओठ शिवून टाकतो. वस्तू देवांकडे राहतात आणि कारागिराला ठरलेले मोल मिळत नाही. हा साचा पुढच्या लेखकांनी उचलला. जे. आर. आर. टोलकीन यांनी तर आपल्या ड्वार्फांची नावेही थेट अशाच एका जुन्या नॉर्स काव्यातून घेतली.

टोलकीनचा प्रश्न: घडणावळ दिली का?

टोलकीन यांची 'द हॉबिट' १९३७ साली आली. तिच्यात एल्फ आणि ड्वार्फ यांच्यातल्या जुन्या वैराचे कारण अगदी ओझरते सांगितले आहे. एल्फ म्हणतात, ड्वार्फांनी आमचा खजिना चोरला. ड्वार्फ म्हणतात, एल्फ राजाने आम्हाला कच्चे सोने-चांदी घडवायला दिले, काम झाल्यावर मजुरी नाकारली, म्हणून आम्ही आमचे देणे तेवढे घेतले. खरे काय ते टोलकीन सांगत नाहीत. दोन्ही कैफियती मांडून ते पुढे जातात.

गॉब्लिनांच्या वादापेक्षा हा वाद वेगळा आहे. इथे माल एकाचा आणि मेहनत दुसऱ्याची. मराठी घरांना हा व्यवहार नवा नाही. आजीच्या पाटल्या मोडून नातीसाठी काही करायचे तर सोने घरचे असते आणि सोनाराला द्यायची असते ती घडणावळ. ती दिली नाही तर दागिना कोणाचा?

रोमन कायदेपंडितांनी यावर बराच काथ्याकूट केला होता. दुसऱ्याच्या मालापासून एखाद्याने नवी वस्तू केली तर ती मालाच्या मालकाची, असे एक पंथ म्हणे. करणाऱ्याची, असे दुसरा म्हणे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायद्याने मधली वाट काढली. वस्तू मोडून मूळ माल परत मिळत असेल तर ती मालाच्या मालकाची, मिळत नसेल तर करणाऱ्याची. चांदीचा पेला वितळवता येतो, म्हणून तो चांदीच्या मालकाचा. द्राक्षांची वाइन पुन्हा द्राक्षे होत नाही, म्हणून ती वाइन करणाऱ्याची. या नियमाने एल्फ राजाची बाजू बळकट होते.

पण मजुरीचे काय? भारतीय करार कायदा, १८७२ मधले कलम १७० नेमके यावरच आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर ज्याने कौशल्य किंवा मेहनत खर्च केली, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते, मात्र वेगळे काही ठरलेले नसेल तरच. कायद्यात दिलेले उदाहरणही टोलकीनच्या जगात शोभेल असे आहे: जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेला कच्चा हिरा. जवाहिरा त्या हिऱ्याचा मालक होत नाही, पण पैसे मिळेपर्यंत तो हातचा सोडायला बांधलेलाही नाही. 'द हॉबिट'मधले ड्वार्फ मुंबईच्या झवेरी बाजारात असते तर त्यांना हे कलम कामी आले असते, अर्थात दागिने घेऊन न पळता ते हाताशी ठेवून बसले असते तर.

याच वादाची सविस्तर आणि रक्तरंजित कथा 'द सिल्मरिलियन'मध्ये येते. टोलकीन १९७३ साली वारले. हे पुस्तक १९७७ साली त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर याने संपादित करून काढले आणि हे प्रकरण तर त्याला बरेचसे स्वतःच जुळवावे लागले. थिंगॉल या एल्फ राजाकडे सिल्मरिल नावाचे अमूल्य रत्न असते. ते तो नाउग्लामीर नावाच्या कंठहारात जडवायला ड्वार्फ कारागिरांना सांगतो. पण हा हार मुळात ड्वार्फांच्याच पूर्वजांनी घडवलेला असतो, फिनरॉड नावाच्या दुसऱ्या एका एल्फ राजासाठी. फिनरॉड मेलेला आहे आणि त्याच्या ओसाड राजधानीतून हूरिन नावाच्या माणसाने तो हार उचलून थिंगॉलला आणून दिला आहे.

काम पुरे झाल्यावर कारागीर विचारतात, या हारावर तुझा काय हक्क? आमच्या वाडवडिलांनी तो फिनरॉडला दिला होता, तुला नाही. तुझ्याकडे तो आला तो चोराच्या हातून. तीस वर्षांनी ग्रिपहूक असेच काहीसे बोलतो. ज्याला दिले तो गेला, आता वस्तू आमची.

थिंगॉलला कळते की हाराचे निमित्त आहे, यांचा डोळा सिल्मरिलवर आहे. त्याचा अंदाज बरोबर असतो. पण तो कारागिरांचा आणि त्यांच्या जमातीचा अपमान करतो आणि एक छदामही न देता चालते व्हा म्हणतो. ते त्याला तिथेच मारतात आणि पुढे त्याचे राज्यही धुळीला मिळते. इथे टोलकीन कोणालाच निर्दोष सोडत नाहीत. हारावरचा ड्वार्फांचा दावा विचार करण्याजोगा होता, मजुरीचा दावा तर उघडच खरा होता, आणि रत्नावर त्यांचा काडीचाही हक्क नव्हता. तिन्ही गोष्टी एकाच दागिन्यात जडवल्या गेल्या आणि मग त्या वेगळ्या करता येईनात.

'द हॉबिट'मधल्या ड्रॅगनच्या खजिन्यातही असा गुंता आहे. थोरिन हा ड्वार्फांचा वारस तो सगळा आपल्या पूर्वजांचा मानतो. पण त्यात शेजारच्या डेल शहरातून ड्रॅगनने लुटलेला मालही मिसळलेला आहे आणि ड्रॅगनला मारणारा बार्ड त्याच डेलच्या राजाचा वंशज आहे. त्याच ढिगात कोण्या एका राजाच्या सैन्यासाठी बनवलेले भाले पडलेले असतात. ते कधी पोहोचवले गेले नाहीत आणि त्यांचे पैसेही कधी आले नाहीत. टोलकीन हे एका वाक्यात सांगतात, पण गिऱ्हाईक मेलेले, ऑर्डर पडून राहिलेली, हे कोणत्याही कारागिराला ओळखीचे दुःख आहे.

स्वतः घडवलेले सोडता येते का?

सिल्मरिल रत्ने तीन. ती घडवली फेआनोर या एल्फाने. पण त्यांच्यात कोंडलेला प्रकाश त्याचा नव्हता, तो यावान्ना या देवतेने निर्माण केलेल्या दोन वृक्षांचा होता. पुढे ती झाडे विषाने मारली जातात. यावान्ना म्हणते, रत्नांतला प्रकाश मिळाला तर मी झाडे जगवू शकेन. त्यासाठी रत्ने फोडावी लागतील. फेआनोर नाही म्हणतो. असे काम आयुष्यात एकदाच होते, पुन्हा हातून होणार नाही, असे त्याचे म्हणणे.

जस्टिनियनच्या फूटपट्टीने मोजले तर फेआनोर हरतो, कारण वस्तू मोडून माल परत मिळतो आहे. पण टोलकीन इतक्या झटपट निकाल देत नाहीत. सगळे देव फेआनोरवर होकारासाठी दबाव आणत असताना एकटा आउले म्हणतो, घाई करू नका, आपण मागतो आहोत ते फार मोठे आहे. आउले हा कारागिरांचा देव. घडवणाऱ्याला काय मागितले जात आहे, हे सभेत त्यालाच कळते.

आणि त्याला ते अनुभवाने कळलेले असते. टोलकीनच्या सृष्टीत ड्वार्फांना निर्माण केले ते याच आउलेने, शिकवायला कोणीतरी हवे म्हणून, सर्वोच्च देवाची परवानगी न घेता. जाब विचारला गेल्यावर तो सबबी सांगत नाही. यांचे जे करायचे ते कर, असे म्हणतो आणि रडत रडत आपल्याच निर्मितीवर हातोडा उगारतो. ड्वार्फ घाबरून मागे सरतात, म्हणजे त्यांना आता स्वतःचा जीव आहे. त्यांना जगू दिले जाते. आपल्या हातचे न सोडणारी जमात म्हणून जे ओळखले जातात, त्यांचा जन्मच त्यांच्या कर्त्याने हक्क सोडल्यामुळे टिकला.

फेआनोरचे पुढे काय झाले? तो नकार देत असतानाच रत्ने आधीच चोरीला गेलेली होती, हे त्याला माहीत नव्हते. ती परत मिळवण्यासाठी त्याने आणि त्याच्या सात मुलांनी शपथ घेतली आणि तिच्यापायी अनेक पिढ्या लढल्या. शेवटी एक रत्न आकाशात, एक समुद्रात आणि एक जमिनीच्या पोटातल्या आगीत गेले.

दिल्लीतला खटला

घडवणाऱ्याचा हक्क विक्रीनंतरही उरतो, ही कल्पना माणसांच्या कायद्यात अजिबात नाही असे नाही. फ्रान्सने १९२० साली चित्रकारांना पुनर्विक्रीतला वाटा देणारा कायदा केला. चित्र दुसऱ्यांदा विकले गेले की किमतीचा काही भाग चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५३अ मध्ये असा वाटा आहे. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले तर कर्त्याला हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. हा गॉब्लिनांचा नियमच आहे, फक्त फार सौम्य. वस्तू परत नको, पण हात बदलले की थोडे पैसे इकडेही द्या.

याच कायद्याचे कलम ५७ आणखी पुढे जाते. कृती विकली तरी तिची अशी मोडतोड करता येत नाही, जिने कर्त्याच्या नावलौकिकाला धक्का बसेल. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सरकारच्या सांगण्यावरून कांस्याचे प्रचंड भित्तिशिल्प केले होते, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच. १९७९ साली नूतनीकरणात ते त्यांना न विचारता उतरवून कोठारात टाकले गेले आणि त्याचे तुकडे झाले, काही भाग हरवलेही. सहगल न्यायालयात गेले. सरकारचे म्हणणे थोडक्यात जादूगारांसारखेच होते: पैसे दिले आहेत, वस्तू आमची आहे, ठेवू नाहीतर काढू. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हे मानले नाही. सरकारने पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असे सांगितलेच, शिवाय शिल्पाचे उरलेले अवशेष शिल्पकाराला परत करावेत, असा आदेश दिला. विकलेली वस्तू घडवणाऱ्याकडे परत जावी, असा हा आदेश होता. ग्रिपहूकने तो भिंतीवर लावून ठेवला असता.

मात्र हे संरक्षण सगळ्या कारागिरांना सारखे मिळत नाही. पुनर्विक्रीतला वाटा चित्राला आहे, शिल्पाला आहे, पण पैठणीला नाही, तांबटाच्या घंगाळाला नाही. आणि गॉब्लिनांचा दावा तर एकेका कारागिराचाही नसतो, तो सगळ्या जमातीचा असतो. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद म्हणजे भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ साली मिळाले, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. पण त्याने प्रामुख्याने राखले जाते ते नाव. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा ते नाव तिने वापरलेच नव्हते. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. न्यायालयाने ती फेटाळली आणि विचारले, ज्यांच्या नावावर हे मानांकन नोंदलेले आहे, ते स्वतः का आले नाहीत?